जाहिराती अडवायच्यात? आधी त्या कोणत्या दारानं येतात ते बघा

मांजराकाठ (लातूर)

"ॲडब्लॉकर टाकलो तरी जाहिराती यायल्यात" हा प्रश्न या फोरमवर सारखा येतो आणि खाली दहा जण दहा एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, ॲडब्लॉकर त्यातलाच) नावं लिहून मोकळे होतात. नाव नंतर. जाहिरात येते कुठून ते ठरल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

कॉम्प्युटरवर आधी हे करून बघा. ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. तरी उजव्या कोपऱ्यात खाली "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" असली चौकट वर आली, तर ती पानातली जाहिरात नव्हेच. बहुतेक वेळा ते ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. क्रोम आणि एज खिडकी बंद केल्यावरही मागं चालू राहू शकतात, म्हणून ते दिसतं. कुणीतरी कधीतरी "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा" अशा पानावर अलाऊ दाबलेलं असतं. ॲडब्लॉकरचं काम पान उघडताना चालतं. इथं पान उघडतच नाही, परवानगी आधीच दिलेली आहे. ती काढून घ्यायची: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा, साइट सेटिंग्ज, सूचना. "सूचना पाठवण्याची परवानगी आहे" या यादीत अनोळखी नावं दिसतील. प्रत्येकापुढचे तीन ठिपके, मग ब्लॉक. नुसतं काढून टाकलं तर ती साइट पुन्हा विचारू शकते, म्हणून ब्लॉकच करा. शेवटी वरचा मुख्य पर्याय "साइटनी सूचना पाठवू नयेत" वर ठेवा. दुकानातल्या कॉम्प्युटरला सूचनांची गरजच काय?

जाहिरात फक्त एखादी साइट उघडल्यावर दिसते आणि ती साइट बंद केली की जाते, तर ती पानातली. तिच्यासाठी ब्लॉकर.

होमपेज बदललं, सर्च भलत्याच साइटवर जातो, प्रत्येक साइटवर एकाच छापाच्या जाहिराती दिसतात, तर ब्राउझरच्या आतच कोणीतरी बसलंय.

आणि मोबाइलवर ब्राउझर न उघडता, नुसता फोन अनलॉक केल्यावर पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येत असेल तर ते एखाद्या ॲपचं काम. तिथं ब्राउझरमध्ये काहीही टाका, फरक पडणार नाही.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

पानातल्या जाहिरातींचं मी घेतो. यूब्लॉक ओरिजिन. नावाची खात्री करून घ्या, "ओरिजिन" शब्द महत्त्वाचा आहे. नुसत्या "यूब्लॉक" नावाचं एक्स्टेन्शन वेगळं आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. बनवणारा म्हणून रेमंड हिल हे नाव दिसलं पाहिजे. २०१४ पासून फुकट, कोड सगळ्यांना खुला, आणि ते देणगीसुद्धा मागत नाही. देणगीचा डबा पुढं करणारं "यूब्लॉक" दिसलं तर ते दुसरंच समजा.

क्रोमवाल्यांची अडचण वेगळी आहे. गुगलनं एक्स्टेन्शनची जुनी रचना (मॅनिफेस्ट व्ही २) २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये पूर्ण बंद केली. जुन्या रचनेत ब्लॉकर प्रत्येक विनंती स्वतः तपासून "ही जाऊ दे, ही नको" ठरवायचा. नव्या रचनेत तो आधीच नियमांची यादी ब्राउझरला देऊन ठेवतो आणि ठरवतो ब्राउझर. त्यामुळं क्रोमवर आता यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे. साध्या बातम्यांच्या साइटवर लाइट पुरतं. पण त्याच्या (काय अडवायचं याच्या) याद्या एक्स्टेन्शन अपडेट झाल्यावरच नव्या होतात, आणि जिथं जाहिरातवाले रोज पळवाट बदलतात तिथं ते मागं पडतं. लाइट टाकलंत तर त्याच्या खिडकीतली पट्टी बेसिकवरून ऑप्टिमल किंवा कम्प्लीटवर सरकवा. बेसिकवर ठेवून "चालत नाही" म्हणणारे लई आहेत.

पूर्ण ताकदीचं हवं असेल तर फायरफॉक्स. तिथं जुनी रचना चालू आहे. टाकल्यावर हे करा: चिन्हावर क्लिक, दातेरी चाक, मग फिल्टर लिस्ट्स. ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी, यूब्लॉकच्या स्वतःच्या याद्या आधीपासून चालू असतात, त्यांना हात लावू नका. खाली "रीजन्स, लँग्वेजेस" या भागात इंडियनलिस्ट आहे, ती टिक करा. आपल्याकडच्या भाषांमधल्या साइटवरचे जाहिरातींचे बरेच डबे परदेशी यादीत नसतात, ते हिच्यात सापडतात. कुकीच्या पाट्यांचा वैताग असेल तर "कुकी नोटिसेस" मधली एक घ्या. मग वरचं ॲप्लाय चेंजेस दाबा. हे न दाबता टॅब बंद करणारे निम्मे असतील.

सगळ्या याद्या टिक करू नका. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ते जाणवतं, आणि दोन याद्यांच्या भांडणात साइट मोडते ती वेगळीच.

दुधना_जालना

> साइट मोडते ती वेगळीच

यावर थोडं. सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात हाच मुद्दा कळीचा आहे. पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटी, परीक्षेचा फॉर्म, सगळीकडं शेवटी पैसे भरायचे आणि पावती काढायची असते. पावती बऱ्याचदा नव्या खिडकीत उघडते. ब्राउझरला ती पॉप-अप जाहिरात वाटते आणि तो अडवतो. पैसे गेले, पावती नाही, गिऱ्हाईक समोर उभं. अशा वेळी ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला बारीक चिन्ह आलेलं असतं, खिडकीवर लाल फुली. त्याच्यावर क्लिक करून "या साइटसाठी नेहमी परवानगी" निवडा. पान रिफ्रेश करून पुन्हा पैसे भरू नका. आधी त्याच पोर्टलवर व्यवहारांची यादी किंवा "रीप्रिंट" बघा.

यूब्लॉकमुळंच अडलंय का हे बघायचं असेल तर चिन्हावर क्लिक करून मोठं निळं पॉवर बटण दाबा आणि पान पुन्हा उघडा. हे बटण फक्त त्या साइटपुरतं बंद करतं. कंट्रोल धरून दाबलं तर फक्त त्या पानापुरतं. मात्र हा प्रयोग पैसे भरायच्या आधी करायचा. पेमेंटच्या मधोमध पान रिफ्रेश केलं तर व्यवहार लटकतो.

सरकारी पोर्टलवर जाहिराती नसतातच, तिथं ब्लॉकर कायमचा बंद ठेवला तरी काही बिघडत नाही. फक्त पत्ता खरंच सरकारी आहे का ते बघा. शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो, तो खासगी माणसाला मिळत नाही. "सातबारा" असं सर्चमध्ये टाकल्यावर वर जे "प्रायोजित" म्हणून दिसतं त्यावर क्लिक करायची सवय मोडा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला सरकारी पोर्टलवर १५ रुपये लागतात. त्याच्यापेक्षा जास्त मागणारं पान दिसलं की समजून घ्या.

मांजराकाठ (लातूर)

दुधना, चांगली भर. एक राहिलं. केंद्रात गिऱ्हाइकासाठी इन्कॉग्निटो खिडकी वापरतात, ते बरोबरच. पण एक्स्टेन्शन तिथं आपोआप चालत नाहीत. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात "गुप्त मोडमध्ये अनुमती द्या" आणि फायरफॉक्समध्ये "रन इन प्रायव्हेट विंडोज" हे हातानं चालू करावं लागतं. आणि क्रोमच्या गेस्ट मोडमध्ये एक्स्टेन्शन चालवताच येत नाही. "काल नव्हत्या, आज जाहिराती आल्या" याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

कयाधू (हिंगोली)

विंडोज ७ वाल्या मशीनचं काय? तालुक्याला अजून बक्कळ आहेत.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

क्रोमची तिथं शेवटची आवृत्ती १०९. २०२३ च्या सुरुवातीनंतर त्यावर नवं काही येत नाही, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजत नाहीत. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका, आणि यूब्लॉक ओरिजिन तिच्यावर चालतं. तात्पुरती सोय म्हणून ठीक. बँकेचं काम त्या मशीनवर करू नका, ब्राउझर कोणताही असो.

विष्णुपुरी (नांदेड)

ब्राउझरच्या आत बसलेल्याचं, म्हणजे हायजॅकचं सांगतो. अँटिव्हायरस चालवायच्या आधी चार जागा बघा.

पहिली, शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. ती ओळ क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्हावर संपली पाहिजे. त्याच्या पुढं एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर ब्राउझर कितीदाही रीसेट करा, उघडताना तेच पान येणार. जास्तीचं पुसून टाका. टास्कबारवरचं चिन्ह हा वेगळा शॉर्टकट असतो, तोही तपासा.

दुसरी, एक्स्टेन्शनची यादी. पीडीएफ कन्व्हर्टर, हवामान, कूपन, व्हिडिओ डाउनलोडर, नवा टॅब सजवणारं काहीतरी: ज्याला "सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" ही परवानगी आहे आणि कुणी टाकलं ते कुणालाच ठाऊक नाही, ते उडवा.

तिसरी, काढायचं बटणच नसेल आणि मेनूत खाली "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" असं दिसत असेल. घरच्या किंवा दुकानच्या मशीनला संस्था कुठली? ॲड्रेस बारमध्ये क्रोम://पॉलिसी टाका (इंग्रजी अक्षरांत) आणि काय लादलंय ते बघा. काही अँटिव्हायरससुद्धा तिथं नोंद करतात, म्हणून नाव वाचूनच पुढं जा. सक्तीनं टाकलेल्या एक्स्टेन्शनची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) असते. मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर हे फुकट साधन असली घाण बऱ्यापैकी काढतं. रजिस्ट्रीत हातानं शिरायची सवय नसेल तर शिरू नका.

चौथी, विंडोजमधले प्रोग्रॅम. कंट्रोल पॅनेलमध्ये इन्स्टॉलच्या तारखेनं यादी लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशीचे पाहुणे लगेच दिसतात.

हे सगळं झाल्यावर मग क्रोमचं "सेटिंग्ज मूळ डीफॉल्टवर आणा". बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन फक्त बंद होतात. पण उलट्या क्रमानं केलंत, आधी रीसेट आणि मग शोध, तर बाहेर बसलेला प्रोग्रॅम पुन्हा सगळं आत ढकलतो. गुगल खात्याचं सिंक चालू असेल तर सफाई संपेपर्यंत ते बंद ठेवा, नाहीतर एका मशीनवरून काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्यावरून परत येतं.

बिंदुसरा (बीड)

एक्स्टेन्शनबद्दल एक जोडतो. आज चांगलं असलेलं उद्या चांगलं राहीलच असं नाही, कारण ती विकली जातात. ग्रेट सस्पेंडर हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन नव्या मालकाकडं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. नॅनो ॲडब्लॉकर तर खुद्द ॲडब्लॉकरच, २०२० मध्ये विकला गेला आणि त्याच ऑक्टोबरात लोकांच्या खात्यांशी खेळायला लागला. म्हणून ब्लॉकर एकच ठेवा आणि बाकीची एक्स्टेन्शन बोटावर मोजण्याइतकी. दोन ब्लॉकर लावल्यानं दुप्पट अडतं असं काही नाही. ब्लॉकर ओळखायला साइट सापळ्याची फाइल ठेवते. ती एकानं मुद्दाम जाऊ दिली तरी दुसरा अडवतो आणि साइटला कळतं की इथं ब्लॉकर आहे. यूट्यूबनं २०२३ पासून "ॲड ब्लॉकर बंद करा" ही पाटी लावायला सुरुवात केली, तेव्हाही दुसरा ब्लॉकर काढा आणि याद्या अपडेट करा एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागलं.

पूर्णा_परभणी

मोबाइल राहिलाय. आपल्याकडं नव्वद टक्के नेट मोबाइलवरच बघतात, आकडा माझा, अंदाजानं.

क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत येतात, यूब्लॉक ओरिजिन तिथं जसंच्या तसं चालतं. किंवा ब्रेव्ह घ्या, त्यात ब्लॉकर आतच आहे, ॲड्रेस बारजवळच्या सिंहाच्या चिन्हातून चालू-बंद होतो. सोयाबीन-तुरीचे भाव बघायला, निकाल बघायला यातलं कोणतंही एक पुरे. निकालाच्या साइटवर हिरवी "डाउनलोड" बटणं चार-पाच दिसतात आणि खरं त्यातलं एकच असतं. ब्लॉकर लावल्यावर एकच उरतं, हा फायदा मला डेटा वाचण्यापेक्षा मोठा वाटतो.

दुसरा मार्ग प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. अँड्रॉइड ९ पासून पुढं सगळ्यात आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शन्स, तिथं प्रायव्हेट डीएनएस, मग होस्टनेमच्या जागी डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम. इंग्रजी लहान अक्षरं, ॲडगार्ड आणि डीएनएसच्या मध्ये आडवी रेघ, पुढं एचटीटीपी वगैरे काही नाही. लेकरांच्या फोनसाठी पहिल्या डीएनएसच्या जागी फॅमिली लिहा, म्हणजे प्रौढांच्या साइटही अडतात. ॲपमधल्या जाहिरातीही पुष्कळ कमी होतात, कारण जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ताच फोनला मिळत नाही.

पण दोन गोष्टी समजून घ्या. यूट्यूबच्या जाहिराती यानं जाणार नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच पत्त्यावरून येतात, पत्ता अडवला तर व्हिडिओही बंद. आणि हॉस्टेल, कॉलेज, लॉज अशा ठिकाणच्या वाय-फायवर लॉगिनचं पान उघडत नाही, "प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर उपलब्ध नाही" येतं आणि नेट गेल्यासारखं वाटतं. तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिकवर आणा.

नळदुर्ग_बुरूज (धाराशिव)

> नुसता फोन अनलॉक केल्यावर पूर्ण स्क्रीनभर जाहिरात

चोर पकडायची रीत: जाहिरात समोर असतानाच अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबा. त्या कार्डावर ज्या ॲपचं नाव किंवा चिन्ह येईल तोच. चिन्ह कोरं असेल तर सेटिंग्जमध्ये "इतर ॲप्सवर दाखवा" ही परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फाइल क्लीनर, कॉल रेकॉर्डर यांना ती लागायचं कारण नाही. काढता येत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा (पॉवर बटण धरून "पॉवर ऑफ" वर बोट दाबून ठेवल्यावर बऱ्याच फोनमध्ये विचारतो). तिथं बाहेरून टाकलेली ॲप्स बंद असतात, निवांत काढता येतात. "डिव्हाइस ॲडमिन" मध्ये त्याचं नाव असेल तर आधी तिथून टिक काढा, नाहीतर अनइन्स्टॉल होत नाही.

रेडमी-पोकोच्या फोनमधल्या सिस्टिम ॲपमधल्या जाहिराती वेगळ्या. त्यांच्यासाठी पासवर्ड अँड सिक्युरिटी, ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन, तिथं एमएसए (जाहिराती दाखवणारी सिस्टिम सेवा) बंद. नेट चालू पाहिजे, १० सेकंद मोजतो, आणि पहिल्यांदा बहुधा "जमलं नाही" म्हणतो. दोन-तीनदा करा.

बिंदुसरा (बीड)

घरभर एकदाच करायचं असेल तर पाय-होल (छोट्या कॉम्प्युटरवर चालणारा, जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस) कुणी लावलंय का? त्याबद्दल लिहा.

विष्णुपुरी (नांदेड)

लावणं सोपं, सांभाळणं कटकटीचं. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यूसारखं ५१२ एमबी रॅमचं बोर्ड पुरतं. राउटरमध्ये त्याला कायमचा आयपी द्या आणि राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना आयपी वाटणारा भाग) डीएनएस म्हणून तोच टाका. नेहमीची चूक म्हणजे "दुसरा डीएनएस" म्हणून गुगलचा ८.८.८.८ टाकणं. उपकरणं पहिला बंद पडायची वाट बघत नाहीत, मनाला येईल तो वापरतात, आणि निम्म्या जाहिराती तिकडून गळतात. दुसरी गळती आयपीव्ही ६ (आयपीची नवी पद्धत) ची. राउटर त्यावरून स्वतःचा डीएनएस वाटत राहतो. तिसरी ब्राउझरमधल्या "सिक्युअर डीएनएस" ची, तो पाय-होलला वळसा घालून जातो. इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्ये डीएनएस बदलू देत नसतील तर राउटरचा डीएचसीपी बंद करून पाय-होलचा चालू करा.

आपल्याकडचा खरा प्रश्न लाइटीचा. दिवसातून चारदा लाइट गेली की एसडी कार्ड कधीतरी बिघडतं, आणि पाय बंद तर घरातलं सगळं नेट बंद, कारण पत्ते सांगणारंच कुणी नाही. राउटरच्या छोट्या यूपीएसवर दोन्ही चालवा, आणि सगळं नीट लागल्यावर कार्डाची एक नक्कल काढून ठेवा. एवढं करायचं नसेल तर राउटरमध्ये सरळ ॲडगार्डचे ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ टाका. दोन्ही अडवणारेच असल्यानं "दुसऱ्या डीएनएस"ची गळती नाही.

कयाधू (हिंगोली)

एक वाकडा प्रश्न. सगळ्यांनी सगळं अडवलं तर मराठीत लिहिणाऱ्या लहान साइट चालायच्या कशा? त्यांना जाहिरातीशिवाय दुसरं उत्पन्न काय आहे?

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

वाकडा नाही, बरोबर आहे. रोजची, विश्वासाची साइट असेल तर निळं बटण बंद करून ठेवा, म्हणजे तिच्या जाहिराती दिसतील. पण ती साइट तुमच्या पडद्यावर कोण काय दाखवतंय हे स्वतः बघत नाही. जागा लिलावानं विकली जाते, मधल्या मध्ये चार दलाल असतात. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये सर्चमधल्या जाहिरातींतून खऱ्या कंपन्यांच्या नावानं फसवणूक होते म्हणून लोकांना ॲडब्लॉकर वापरा असं जाहीरपणे सांगितलं होतं. माझं मत: आधी सगळं अडवायचं, मग ज्याला सोडायचं त्याला सोडायचं. उलटं नाही.

दुधना_जालना

माझं मत थोडं निराळं, बातम्यांच्या साइटवर मी अडवत नाही. पण सर्चवर अडवायलाच पाहिजे. बँकेचा, गॅसचा "कस्टमर केअर" नंबर शोधणारी माणसं तिथंच फसतात.

आणि आवाज करत पूर्ण स्क्रीन व्यापणारं "कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा" असं पान आलं तर: एस्केप दाबून धरा, म्हणजे पूर्ण स्क्रीन सुटते. नाही सुटली तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, ब्राउझर निवडून एंड टास्क. पुन्हा उघडल्यावर "पानं रिस्टोअर करू का" विचारतो, त्याला नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत. कॉम्प्युटरला काही झालेलं नसतं, ते नुसतं पान असतं. मात्र त्या नंबरवर फोन करून कुणी रिमोटचं ॲप टाकून दिलं असेल तर आधी नेटची वायर काढा, ते ॲप काढा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. जितक्या लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

कयाधू (हिंगोली)

प्रायव्हेट डीएनएसचं टाकून बघितलो, "कनेक्ट करता येत नाही" म्हणतोय.

पूर्णा_परभणी

आडव्या रेघेच्या जागी खालची रेघ पडली असेल, किंवा शेवटी स्पेस. कीबोर्ड शब्द सुचवताना स्पेस आपोआप टाकतो, ती दिसत नाही. शेवटी जाऊन एकदा बॅकस्पेस मारून बघा.

कयाधू (हिंगोली)

स्पेसच होती.